वीस फुटांचे अंतर

१९४८ च्या कारखाने कायद्यातले २९ वे कलम वाचायला रूक्ष आहे. साखळ्या, वायररोप, हुक, वर्षातून निदान एकदा जाणकाराकडून तपासणी, यंत्रावर ठळक लिहिलेली भारमर्यादा. त्यातली एक तरतूद मात्र कारखान्याच्या छताकडे मान वर करून पाहिल्याशिवाय सुचणारी नव्हे. ओव्हरहेड क्रेन ज्या रुळांवरून धावते त्या रुळांवर किंवा त्यांच्या जवळ कोणी काम करत असेल आणि त्याला क्रेनचा धक्का बसण्याचा संभव असेल, तर क्रेन त्या जागेपासून वीस फुटांच्या आत येणार नाही याची पक्की व्यवस्था करायची. पुढे मोजमापे मेट्रिक झाली आणि वीस फुटांचे सहा मीटर झाले.

ही तरतूद विलायतेहून आली. १९३७ च्या ब्रिटिश कारखाने कायद्यात ती जवळपास याच शब्दांत होती. पण ती जिथे अक्षरशः लागू पडते अशा जागा मुंबईत तेव्हाही होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच परळ ते माटुंगा या दोन-तीन मैलांच्या पट्ट्यात होत्या. गिरणगाव म्हटले की डोळ्यांपुढे येतात ते माग आणि चात्या. त्याच गिरणगावात रेल्वेचे मोठमोठे कारखानेही होते. गिरणीतले ओझे माणसाच्या खांद्यावर किंवा हातगाडीवर मावत असे. इथले ओझे शंभर टनांच्या घरातले.

सुरुवात भायखळ्याला झाली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची, म्हणजे जुन्या मुंबईकरांच्या ‘जीआयपी’ची, पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, त्याच्या आदल्याच वर्षी भायखळ्याच्या कामावर ‘फॉकलंड’ नावाचे इंजिन फिरू लागले होते. इंजिने आली तशी त्यांची दुखणीही आली. दुरुस्तीची पहिली व्यवस्था भायखळ्यालाच होती. ती जागा अपुरी पडू लागली, तेव्हा १८७९ मध्ये परळला नवा कारखाना उभा राहिला. पश्चिमेच्या अंगाला बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा, म्हणजे ‘बीबीसीआय’चा, लोअर परळचा कारखाना होता, आणि १९१५ मध्ये जीआयपीने डबे-वाघिणींसाठी माटुंग्याचा कारखाना काढला. परळ इंजिनांचे, माटुंगा डब्यांचे, अशी वाटणी झाली.

इंजिनाची दुरुस्ती म्हणजे आधी त्याला चाकांवरून उचलणे. त्याशिवाय आस, बेअरिंगे, स्प्रिंगा हाताला लागत नाहीत. क्रेन नव्हती तेव्हा हे काम जॅक, पहारी, कप्प्या आणि लाकडी ओंडके यांवर चाले. चारही कोपऱ्यांतले जॅक एका लयीत फिरवायचे, बोटभर उचलले की खाली ओंडका सरकवायचा, पुन्हा बोटभर. यात तास जात आणि माणसांची बोटेही जात.

इंग्लंडमध्ये क्रूच्या रेल्वे कारखान्यात जॉन रॅम्सबॉटम यांनी १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला यावर एक तोड काढली. शेडच्या दोन्ही भिंतींवर उंचावर रूळ, रुळांवर आडवा पूल, पुलावर सरकणारी उचलगाडी. आणि या सगळ्याला गती देणारा, शेडभर भरधाव फिरणारा सुती दोर. वाफेचे इंजिन एका कोपऱ्यात, ताकद मात्र दोरावाटे हव्या त्या ठिकाणी. दोर झिजे आणि तुटे, तरी कल्पना टिकली. १८८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मिलवॉकी इथे ऑल्टन शॉ यांनी तीन मोटरी असलेली विजेची क्रेन बनवली, आणि आजची ईओटी, म्हणजे इलेक्ट्रिक ओव्हरहेड ट्रॅव्हलिंग, क्रेन तिथून सुरू झाली. एक मोटर उचलायला, एक पुलावरची गाडी आडवी सरकवायला, एक अख्खा पूल शेडच्या लांबीभर पळवायला. शॉपमधली माणसे यातल्या दुसऱ्या चालीला ‘सीटी’ म्हणतात आणि तिसरीला ‘एलटी’. टकरीचा प्रश्न जन्मतो तो या एलटीत.

मुंबईत मोठ्या प्रमाणावर वीज आली ती घाटावरून. फेब्रुवारी १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्राचे उद्घाटन झाले, आणि डोंगरातली वीज तारांवरून परळला उतरवून गिरण्यांना मिळू लागली. त्यानंतर दहा वर्षांनी, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली. पाठोपाठ विजेची इंजिने आली. घाटात मालगाड्या ओढणारे, ‘मगर’ म्हणून ओळखले गेलेले ईएफ-१ जातीचे इंजिन सुमारे १२५ टनांचे होते. पुढच्या काळातले डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन सुमारे ११३ टनांचे. अशा देहाला मधोमध एकच हुक लावून चालत नाही. दोन टोकांना दोन क्रेन लावाव्या लागतात, आणि त्या दोन्ही एकाच गॅन्ट्रीच्या, म्हणजे उंचावरच्या क्रेनमार्गाच्या, रुळांवर एकमेकींच्या मागेपुढे धावतात. माटुंग्यासारख्या कारखान्यात प्रवासी डब्याचे शरीर बोगींवरून उचलतानाही हीच पद्धत.

म्हणजे क्रेनला क्रेन भिडण्याचा धोका निष्काळजीपणातून उपजलेला नाही. तो कामाच्या पद्धतीतच आहे. दोन क्रेन जवळ आल्याशिवाय इंजिन उचलले जात नाही, आणि दोन क्रेन जवळ आल्या की टक्कर होऊ शकते.

टक्कर म्हटल्यावर दोन लोखंडी पूल एकमेकांवर आदळल्याचे चित्र समोर येते. त्या आदळण्यासाठी पुलांच्या टोकांना लाकडाचे, रबराचे किंवा स्प्रिंगचे बफर असतात, आणि हलका धक्का ते पचवतातही. खरे संकट खाली लोंबत असते. पूल झटक्यात थांबला तरी हुकाला अडकवलेले ओझे थांबत नाही. ते झोका घेते. दहा टनांचा चाकजोड हातभर झुलला, तरी शेजारी उभ्या असलेल्या माणसाला सरकायला वेळ मिळत नाही. साखळी नीट बसलेली नसेल तर ओझे निसटते. आणि पुलावर त्याच वेळी कोणी तेलपाणी करायला चढलेला असेल, तर तो खाली पडतो. वीस फुटांची तरतूद या शेवटच्या माणसासाठी होती.

मुंबईत कामगारांच्या सुरक्षेचा कायदा आधी गिरण्यांच्या दारात पोचला. १८७५ मध्ये मुंबईत कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला, १८८१ मध्ये पहिला कारखाने कायदा झाला, आणि १८८२ मध्ये लँकेशायरचे कारखाना निरीक्षक मीड-किंग मुंबईत पाहणीसाठी आले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन मागण्या मांडल्या. १८९० मध्ये रविवारची सुट्टी पदरात पडली. या सगळ्या काळात चर्चा होती ती कामाच्या तासांची, मुलांच्या वयाची, पट्ट्यांना आणि चाकांना कुंपण घालण्याची. यंत्र एका जागी उभे असते आणि माणूस त्याच्याकडे जातो, असे तेव्हाच्या कायद्याने गृहीत धरले होते. माणसाच्या डोक्यावरून चालत येणाऱ्या यंत्राचा वेगळा विचार बराच नंतर झाला.

तोवर अंतर राखण्याचे काम माणसाच्या डोळ्यांवर आणि आवाजावर होते. क्रेनचालक पुलाखाली टांगलेल्या केबिनमध्ये बसे. खाली खलाशी किंवा जमादार हाताने खूण करी. हाताच्या खुणांना जोड होती ती जहाजांवरून बंदरात आणि बंदरातून कारखान्यांत आलेल्या हाळ्यांची: वर घ्यायला ‘हाबेस’, खाली सोडायला ‘आरिया’. क्रेन चालू लागली की घंटा वाजे. घणांच्या आवाजात हाळी ऐकू यायची नाही, म्हणून चालकाने फक्त एकाच माणसाची खूण मानायची, मात्र ‘थांब’ कोणीही म्हटले तरी थांबायचे, असा दंडक रूढ झाला. तो आजही क्रेनच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी शिकवला जातो.

यानंतर आले लिमिट स्विच. रुळाच्या टोकाजवळ एक लोखंडी दांडा, क्रेनवर एक तरफ. तरफ दांड्याला लागली की मोटरीची वीज तुटते. रुळाच्या टोकापुरते हे उत्तम, कारण टोक हलत नाही. दुसरी क्रेन मात्र हलते. तिच्यासाठी काहींनी पुलाच्या पुढे लांब हात काढून त्यावर स्विच बसवले. हात जेवढा लांब तेवढेच अंतर मिळे आणि तो वाकला की तेही जाई. मग प्रकाशाचा किरण व परावर्तक, पराश्राव्य ध्वनी, रडार असे उपाय आले. १९६० मध्ये अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर चालवून दाखवला, आणि पुढच्या काही दशकांत तो अंतर मोजण्याइतका लहान आणि स्वस्त झाला.

याच सुमारास क्रेनवर आणखी एक बदल होत होता, आणि त्याने लेझरची गरज वाढवली. चालक केबिनमधून खाली उतरला. आधी वायरने लोंबणारे बटणांचे पेंडंट आले, मग कमरेला बांधायचा बिनतारी रिमोट. ओझ्याशेजारी चालत क्रेन हाकता येऊ लागली, जिना चढणे वाचले, हुक नीट दिसू लागला. पण केबिनमधून रुळाच्या दोन्ही दिशांना जाणारी नजर संपली. जमिनीवरचा चालक ओझ्याकडे बघतो. वीस-पंचवीस फुटांवर दुसरी क्रेन कुठवर आली, ते त्याला अनेकदा यंत्रांच्या आडोशाने दिसतही नाही.

लेझरचे काम तत्त्वतः सोपे आहे. एका क्रेनवर संवेदक, समोरच्या क्रेनवर परावर्तक पत्रा. संवेदक प्रकाशाचा स्पंद सोडतो, तो परावर्तकावर आपटून परत येतो, आणि जाण्यायेण्याच्या वेळेवरून अंतर निघते. प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटिमीटर जातो. म्हणजे कायद्यातले सहा मीटर जाऊन-येऊन पार करायला त्याला सुमारे ४० नॅनोसेकंद लागतात. अंतर ठरावीक आकड्याखाली आले की पहिला इशारा: वेग कमी. आणखी खाली आले की दुसरा: मोटर बंद, ब्रेक.

हे आकडे ठरवायचे कसे, इथे बसवणाऱ्याचा कस लागतो. समजा दोन्ही क्रेन मिनिटाला ६० मीटर, म्हणजे सेकंदाला एक मीटर वेगाने समोरासमोर येत आहेत. संवेदकाने इशारा देऊन, रिले पडून, ब्रेक आवळेपर्यंत अर्धा सेकंद गेला, तर तेवढ्यात प्रत्येक क्रेन अर्धा मीटर पुढे आलेली असते. ब्रेकने दर सेकंदाला वेग ०.३ मीटरने कमी होत असेल, तर थांबायला आणखी सुमारे १.७ मीटर लागतात. एकीचे २.२, दोघींचे मिळून साधारण ४.४ मीटर. यात ओझ्याचा झोका, रुळावरच्या तेलाने घसरणारी चाके आणि झिजलेले ब्रेक धरलेले नाहीत. कोणी ‘तीन मीटर पुरेत’ म्हणून संवेदक लावला, तर तो दर वेळी बरोबर मोजेल आणि क्रेन तरीही भिडतील. म्हणून आकडा पुस्तकातून उचलत नाहीत. ती क्रेन, तो रूळ आणि पूर्ण भार घेऊन थांबण्याचे अंतर प्रत्यक्ष मोजतात, आणि त्यावर राखीव अंतर ठेवून दोन्ही टप्पे लावतात.

आता प्रश्न उरतो तो बसवणाऱ्याचा. संवेदक पुलाच्या टोकाला, रुळाच्या उंचीवर बसतो. तिथे जाणारा फिटर नेमका त्या जागी उभा असतो, जिच्यासाठी कायद्याने वीस फूट लिहिले. लेझर बसेपर्यंत त्याच्या रक्षणाला लेझर नसतो. म्हणून नव्या यंत्राचे काम जुन्या शिस्तीने सुरू होते.

आधी लेखी परवाना: कोणते काम, कोणाचे, किती वेळ. मग वीज. गॅन्ट्रीच्या कडेने धावणाऱ्या उघड्या वीजवाहक पट्ट्यांना शॉपमध्ये ‘डीएसएल’ म्हणतात. क्रेनचे बटण बंद केले तरी त्या जिवंत राहतात. म्हणून मुख्य स्विच पाडायचा, त्याला कुलूप घालायचे, आणि चावी फोरमनच्या टेबलावर न ठेवता वर चढणाऱ्याच्या खिशात. फिटर आणि वायरमन दोघे चढणार असतील तर कुलुपे दोन. मग टेस्टर लावून पट्टी खरोखर मेली का ते बघायचे. वेग बदलणारे इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह असतील तर त्यांच्या कपॅसिटरमधला साठा उतरेपर्यंत, बनवणाऱ्याने सांगितलेली मिनिटे, थांबायचे.

खरी ओढाताण दुसऱ्या क्रेनवरून होते. उत्पादनाला ती चालू हवी असते. एकाच पट्टीवरून दोघींना वीज जात असेल आणि त्या पट्टीचे वेगवेगळे भाग बंद करता येत नसतील, तर दोन्ही क्रेन थांबवण्यावाचून इलाज नाही. भाग वेगळे करता येत असतील तर रुळावरच लोखंडी अडसर आवळायचा, तोही माणसापासून सहा मीटरपेक्षा कमी नाही अशा अंतरावर. चालकाला तोंडी ‘इकडे आणू नकोस’ म्हणून सांगणे ही व्यवस्था ठरत नाही. पाळी बदलली की तो निरोपही घरी जातो.

वर चढणाऱ्याला पूर्ण अंगाचा पट्टा आणि दोन दोऱ्या, म्हणजे एक सोडताना दुसरी अडकलेली राहते. पाना, ड्रिल, बोल्ट यांनाही दोरी. खालची जागा रिकामी करून अडवायची. ब्रॅकेट पुलाच्या कण्याला भोक पाडून किंवा वेल्डिंग करून मनाला येईल तिथे लावत नाहीत, कारण त्याने पूल कमजोर होऊ शकतो. आधीच्या बोल्टांची जागा किंवा पकडपट्टी वापरतात. पातळ ब्रॅकेट हादऱ्याने थरथरते आणि वीस-तीस मीटरवरचा किरण परावर्तकावरून निसटतो. लेझर डोळ्याला अपाय न करणाऱ्या पहिल्या किंवा दुसऱ्या वर्गाचा निवडतात, तरी रोखताना किरणाच्या रेषेत चेहरा नेत नाहीत. भट्टीचा धूर, वेल्डिंगची लखलख, काचेवर बसणारी तेलकट धूळ, झरोक्यातून ठरावीक वेळी येणारे ऊन, हे सगळे बघून जागा ठरते.

उघड्यावरच्या क्रेनला मुंबईचा पावसाळा आडवा येतो. माझगाव डॉकसारख्या गोदीत ३०० टनांची गोलाएथ क्रेन आभाळाखाली उभी आहे. मेट्रो-३ चे भुयार खोदताना उतरणीच्या खड्ड्यांवर गॅन्ट्री क्रेन होत्या, त्याही उघड्यावर. धुवाधार सरींत प्रकाशाचा किरण विखुरतो. अशा ठिकाणी रडार सरस ठरते, किंवा दोन्ही लावतात.

बसवणे झाले की चाचणी. सगळ्यात सैल वेळ हीच असते, कारण काम संपल्यासारखे वाटते आणि माणसे बघायला जमतात. १ ऑगस्ट २०२० रोजी विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डमध्ये ७० टनांची क्रेन भारचाचणीच्या वेळी कोसळली आणि ११ जण गेले. ती टक्कर नव्हती, संवेदकाचाही संबंध नव्हता. पण चाचणीच्या वेळी क्रेनवर आणि तिच्या आसपास किती माणसे असू द्यावीत, हा प्रश्न त्या दिवसाने सगळ्यांपुढे ठेवला. त्यामुळे पहिली फेरी बिनभाराची, सर्वांत कमी वेगाची, समोरची क्रेन थांबवून. मग वेग वाढवत. मग भार घेऊन. दोन्ही क्रेन एकाच वेळी चालवण्याची पाळी शेवटी.

मुंबईत हे शिकवण्याची सोयही गिरणगावाच्या उंबऱ्यावरच उभी राहिली. शीवला केंद्रीय श्रम संस्था आली. ४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, तिचे मुख्यालय मुंबईत होते. तोच दिवस पुढे राष्ट्रीय सुरक्षा दिन ठरला. भारतीय मानक संस्थेचे ईओटी क्रेनसाठीचे मानक, आयएस ३१७७, सुधारत गेले. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कारखाने नियमांनी तपासणीच्या नोंदीचे नमुने ठरवून दिले. नव्या क्रेनच्या मागणीपत्रात, एकाच गॅन्ट्रीवर दोन क्रेन असतील तर, टक्कररोधक यंत्रणा मागितली जाऊ लागली आहे.

तरी इंजिन उचलायचे ते उचलायचेच. दोन क्रेनने एक ओझे घेताना लेझर दोघींना थांबवून ठेवतो, म्हणून त्याला तात्पुरते बाजूला सारणारी चावी असते. ही चावी क्रेनच्या पॅनेलवर कायमची लावून ठेवलेली सापडली, तर यंत्रणेवर झालेला खर्च पाण्यात गेला असे समजावे. चांगल्या मांडणीत चावी फिरवली की क्रेन आपोआप सर्वांत कमी वेगावर येते, दिवा लुकलुकत राहतो, आणि चावी पाळीच्या प्रमुखाकडून सही करूनच घ्यावी लागते.

दुसरी मेख आणखी बारीक आहे. समोरची क्रेन पल्ल्याच्या बाहेर असेल तर साध्या संवेदकाला काहीच परत येत नाही, आणि तो ‘वाट मोकळी’ समजतो. काच धुळीने माखली किंवा परावर्तक वाकला, तरीही काहीच परत येत नाही. तेव्हाही तो ‘वाट मोकळी’च समजणार. म्हणून जाणकार अशी मांडणी मागतात की परावर्तक सतत पल्ल्यात राहील, संवेदक स्वतःची तब्येत कळवत राहील, आणि त्याचा आवाज बंद पडला की क्रेन थांबेल. जुने लिमिट स्विच आणि बफर काढत नाहीत. क्रेन ताब्यात देण्यापूर्वी तंत्रज्ञ समोरच्या परावर्तकावर गोणपाट टाकतो, संवेदकाची वायर सोडवतो, आणि दोन्ही वेळा एलटीचे बटण दाबून बघतो. क्रेन जागची हलली, तर जोडणी चुकली आहे. वहीत तसे लिहून, वीज पाडून, कुलूप पुन्हा लावले जाते.